गेमिंगची आणि गेम बनवण्याची भाषा: नवख्यांसाठी टप्प्याटप्प्याने

"गेम लॅग होतोय, काय करू?" असं नवा खेळाडू विचारतो आणि तीन जण त्याला तीन वेगळी उत्तरं देतात. एक म्हणतो इंटरनेट बदल, दुसरा म्हणतो ग्राफिक्स कमी कर, तिसरा म्हणतो टीव्हीचं सेटिंग बघ. तिघंही बरोबर असू शकतात, कारण 'लॅग' या एका शब्दाखाली तीन निरनिराळे त्रास येतात. नवख्यांची खरी अडचण इथेच असते. शब्द कानावरून गेलेले असतात, पण पडद्यावर नेमकं काय घडलं की कोणता शब्द वापरायचा, हे कुणी दाखवलेलं नसतं.

मी आधी बरीच वर्षं फक्त खेळत होते, मग गेम बनवायला लागले. दोन्हीकडे एकच अनुभव आला: ज्याला आपला त्रास नेमक्या शब्दांत सांगता येतो, त्याला मदत लवकर मिळते. म्हणून हे शब्द अकारविल्हे न लावता ज्या क्रमाने गरज पडते त्या क्रमाने दिले आहेत. पहिले पाच टप्पे खेळणाऱ्यांसाठी आहेत आणि पुढचे चार बनवू पाहणाऱ्यांसाठी. तरी नुसतं खेळणाऱ्यांनी नववा टप्पा सोडू नये.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

– तुम्ही आधीपासून खेळता असा एखादा गेम. शब्द शिकायला नवा गेम घेऊ नका, नाहीतर गेम आणि भाषा दोन्ही एकदम शिकत बसाल.
– त्या गेमच्या सेटिंगमधला एफपीएस आणि पिंग हे दोन आकडे (त्यांचा अर्थ दुसऱ्या टप्प्यात येईल) दाखवणारा पर्याय. तो चालू करून ठेवा. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या गेमसाठी एफपीएस दाखवण्याची सोय स्टीमच्याच सेटिंगमध्ये आहे.
– स्क्रीन रेकॉर्डिंगची सोय. विंडोजमध्ये विंडोज बटण आणि जी एकत्र दाबलं की गेम बार उघडतो. जास्त सोयी हव्या असतील तर ओबीएस स्टुडिओ मोफत आहे.
– एक वही किंवा साधी टेक्स्ट फाइल. शब्द, तो कोणत्या गेममध्ये भेटला, आणि तेव्हा पडद्यावर काय दिसत होतं, एवढं लिहायचं. व्याख्या उतरवून काढू नका, त्या लक्षात राहत नाहीत.
– सहाव्या टप्प्यापासून पुढे: गोडो हे मोफत आणि ओपन सोर्स गेम इंजिन. चित्रांसाठी क्रिता, थ्रीडीसाठी ब्लेंडर, आवाजासाठी ऑडॅसिटी, हीसुद्धा मोफत आहेत. सगळं एकाच दिवशी उतरवून घेऊ नका. आधी फक्त गोडो पुरे.

१. पडद्यावरच्या खुणा ओळखा

गेम चालू करून थांबा आणि पडद्याच्या कडांकडे बघा. तिथे जे पट्टे, आकडे, छोटा नकाशा आणि चिन्हं दिसतात, त्या सगळ्याला मिळून हड म्हणतात. त्यातला जिवाचा पट्टा म्हणजे एचपी किंवा हेल्थ. जादू किंवा खास शक्ती वापरल्यावर जो खर्च होतो तो माना, धावल्यावर किंवा वार केल्यावर जो घटतो तो स्टॅमिना. एखादं कौशल्य वापरलं की त्याचं चिन्ह काळवंडतं आणि थोड्या वेळाने पुन्हा उजळतं. त्या मधल्या वाट बघण्याला कूलडाउन म्हणतात. एक्सपी म्हणजे अनुभवाचे गुण, ते साठले की पात्राची लेव्हल वाढते. एक्सपीसाठी तेच ते शत्रू पुन्हा पुन्हा मारत राहणं म्हणजे ग्राइंडिंग.

संगणक चालवतो ती पात्रं एनपीसी. त्यातले किरकोळ शत्रू मॉब आणि शेवटी वाट अडवणारा मोठा शत्रू बॉस. पात्र किंवा शत्रू जिथे प्रकट होतो तो त्याचा स्पॉन पॉइंट, आणि मेल्यावर पुन्हा प्रकट होणं म्हणजे रिस्पॉन.

इथे दोन ठिकाणी नवखे फसतात. पहिलं म्हणजे चेकपॉइंट आणि सेव्ह एकच आहेत असं धरून चालणं. मेल्यावर जिथून पुन्हा सुरुवात होते ते चेकपॉइंट. गेम बंद करून दुसऱ्या दिवशी उघडल्यावरही जे टिकतं ते सेव्ह. काही गेममध्ये चेकपॉइंटला आपोआप सेव्ह होतं, काहींत होत नाही. त्यामुळे बंद करण्याआधी ऑटोसेव्हचं चिन्ह फिरताना दिसलं का, ते बघून घ्या. दुसरी गफलत 'लेव्हल' या शब्दाची. 'मी बाराव्या लेव्हलला अडकलोय' म्हणजे पात्राची लेव्हल बारा आहे, की गेमचा बारावा टप्पा पार होत नाहीये? मदत मागताना 'कॅरेक्टर लेव्हल' किंवा 'स्टेज' असं स्पष्ट म्हणा.

२. 'लॅग' तीन भागांत तोडा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून इथे जरा थांबू.

पहिला भाग: चित्र अडखळतं. पडद्यावर हालचाल दिसते ती एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांमुळे. त्यातलं प्रत्येक चित्र म्हणजे एक फ्रेम, आणि एका सेकंदात किती फ्रेम्स येतात तो आकडा म्हणजे एफपीएस. ६० एफपीएसला एक फ्रेम तयार करायला संगणकाकडे सुमारे १६.७ मिलिसेकंद असतात, ३० ला ३३.३, आणि १४४ ला जेमतेम ६.९. तेवढ्या वेळात काम उरकलं नाही की फ्रेम उशिरा येते आणि डोळ्याला झटका जाणवतो. म्हणूनच सरासरी ६० दिसत असूनही गेम अडखळू शकतो: बहुतेक फ्रेम्स वेळेवर येतात, पण मध्येच एखादी ८० मिलिसेकंद घेते. याला स्टटर म्हणतात. सारखाच कमी एफपीएस आणि स्टटर यांचे उपाय वेगळे आहेत. सतत कमी असेल तर रेझोल्यूशन आणि सावल्यांचं सेटिंग उतरवून बघा. मधूनच झटके बसत असतील तर मेमरी भरतेय का, मागे दुसरं काही चाललंय का, ते तपासा.

मॉनिटर एका सेकंदात किती वेळा चित्र बदलू शकतो तो रिफ्रेश रेट, तो हर्ट्झमध्ये मोजतात. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर गेम २०० एफपीएसने चालला तरी सेकंदाला ६० चित्रंच दिसणार. दोघांचा मेळ बसला नाही की चित्र आडवं फाटल्यासारखं दिसतं, ते टिअरिंग. सेटिंगमधलं व्ही-सिंक चालू केलं की ते थांबतं, पण बटण दाबल्यापासून हालचाल दिसेपर्यंतचा वेळ थोडा वाढतो.

दुसरा भाग: जाळं अडखळतं. तुमच्या यंत्रापासून सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग, तोही मिलिसेकंदांत. पिंग ४० असेल तर बहुतेक गेम आरामात खेळता येतात, २०० झाला की नेमबाजीत जाणवायला लागतो. नुसता आकडा बघू नका, तो किती हलतो तेही बघा. पिंग एकदा ४० आणि एकदा १४० होत असेल तर त्याला जिटर म्हणतात, आणि स्थिर ९० पेक्षा तो जास्त छळतो. काही संदेश वाटेतच हरवले तर ते पॅकेट लॉस. तुम्ही पुढे धावत गेलात आणि अचानक मागच्या जागी खेचले गेलात, तर ते रबरबँडिंग: तुमच्या यंत्राला वाटत होतं तुम्ही पुढे आहात, सर्व्हरने सांगितलं, 'नाही, मागेच आहात'. सर्व्हर एका सेकंदात किती वेळा खेळाची स्थिती नव्याने मोजतो तो टिक रेट. 'व्हॅलोरंट'चे सर्व्हर १२८ टिकवर चालतात.

तिसरा भाग: हात आणि पडदा यांच्यात उशीर. बटण दाबलं आणि पात्र हललं, यामधला वेळ म्हणजे इनपुट लॅग. चित्र गुळगुळीत असतं, पिंग छान असतो, तरी गेम जड वाटतो. टीव्हीवर खेळणाऱ्यांना हा त्रास हमखास होतो, कारण टीव्ही चित्र सुंदर करण्यासाठी त्यावर प्रक्रिया करत बसतो. टीव्हीच्या सेटिंगमधला गेम मोड ती प्रक्रिया बरीचशी बंद करतो.

आता ओळखायचं कसं? गेम ऑफलाइन किंवा सरावाच्या मोडमध्ये चालवा. तिथेही चित्र अडखळत असेल तर प्रश्न फ्रेमचा आहे, इंटरनेटच्या मागे लागू नका. ऑफलाइन सगळं सुरळीत आणि ऑनलाइन गडबड असेल तर जाळ्याकडे बघा. दोन्हीकडे चित्र गुळगुळीत पण हाताला जडपणा, तर इनपुट लॅग. यापुढे 'लॅग होतोय' एवढंच लिहू नका. 'एफपीएस ६० वर स्थिर आहे, पिंग ५० ते १८० मध्ये हलतोय, रबरबँडिंग होतंय' असं लिहा. जाणकार माणूस त्यावर लगेच कामाचं उत्तर देऊ शकतो.

एक सावधगिरी: एफपीएस या अक्षरांचा दुसरा अर्थ आहे 'फर्स्ट पर्सन शूटर', म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून दिसणारा नेमबाजीचा गेम. 'कुठला एफपीएस खेळतोस' आणि 'एफपीएस किती येतो' हे दोन अगदी वेगळे प्रश्न आहेत.

३. प्रकारांची नावं, कामापुरती

या नावांवर लोक तासन्‌तास वाद घालतात. तुम्ही त्यात पडू नका. नाव ऐकून गेमची साधारण कल्पना आली की पुरे.

आरपीजीमध्ये एका पात्राची भूमिका घेऊन त्याला वाढवायचं असतं. आरटीएसमध्ये सैन्य आणि साधनसामग्री एकाच वेळी सांभाळायची. प्लॅटफॉर्मर म्हणजे उड्या मारत पुढे जाणं. मोबामध्ये दोन संघ एकमेकांचा तळ पाडायला बघतात. या प्रकाराला मोठं करणारा 'डोटा' मुळात 'वॉरक्राफ्ट ३' या गेमचा मॉड होता, म्हणजे चाहत्यांनी मूळ गेममध्ये फेरफार करून बनवलेली आवृत्ती. 'काउंटर-स्ट्राइक'सुद्धा १९९९ मध्ये 'हाफ-लाइफ'चा मॉड म्हणूनच आला. बॅटल रॉयलमध्ये अनेक जण एका नकाशावर उतरतात, खेळायची जागा आकसत जाते आणि शेवटी उरेल तो जिंकतो.

काही प्रकारांची नावं गेमवरूनच पडली आहेत, आणि तो गेम माहीत नसेल तर नावातून काहीच कळत नाही. १९८० च्या 'रोग'वरून रोगलाइक: प्रत्येक वेळी नवा नकाशा, आणि मेलात की पहिल्यापासून. मेल्यावरही थोडी कमाई पुढच्या खेपेला टिकत असेल तर रोगलाइट. 'मेट्रॉइड' आणि 'कॅसलव्हेनिया' या दोन नावांतून मेट्रॉइडव्हेनिया: एकच मोठा, गुंतागुंतीचा नकाशा, आणि नवी शक्ती मिळाली की जुनी बंद दारं उघडतात. 'डार्क सोल्स'वरून सोल्सलाइक: अवघड, संयम बघणारी लढाई. मेलात की साठवलेले गुण तिथेच पडतात आणि परत जाऊन ते गोळा करावे लागतात.

४. संघात खेळताना लागणारी भाषा

संघाच्या गेममध्ये बोलायला वेळ नसतो, म्हणून शब्द तोकडे असतात. पुढे उभा राहून मार झेलणारा टँक, जखमा भरणारा हीलर, आणि मुख्य नुकसान करणारा डीपीएस. डीपीएस हा सेकंदाला होणाऱ्या नुकसानाचा आकडाही आहे. शत्रूचं लक्ष कुणाकडे आहे त्याला अ‍ॅग्रो म्हणतात. हीलरवर अ‍ॅग्रो गेला की संघाची पंचाईत होते, म्हणून टँकने तो आपल्याकडे ओढायचा. एओई म्हणजे एका जागेवरच्या सगळ्यांना लागणारा वार. एएफके म्हणजे यंत्रासमोर नाही. जीजी म्हणजे खेळ छान झाला. हे खेळ संपल्यावर म्हणायचं. सामना चालू असताना हरणाऱ्याला ऐकवलं तर ते डिवचणं होतं.

बफ म्हणजे ताकद वाढवणं, नर्फ म्हणजे कमी करणं. कंपनी अपडेटमधून एखादं हत्यार नर्फ करते तेव्हा खेळाडू चिडतात, कारण त्यांनी त्याच्याभोवती डावपेच रचलेले असतात. सध्या सगळ्यात परिणामकारक मानल्या जाणाऱ्या डावपेचांना मिळून मेटा म्हणतात. मेटा प्रत्येक अपडेटबरोबर बदलू शकतो, त्यामुळे जुना व्हिडिओ बघून पात्र निवडताना तो कुठल्या आवृत्तीचा आहे हे आधी बघा.

मायक्रोफोनवर बोलायचं असेल तर कॉलआउट शिका: कोण, कुठे, किती जखमी. 'अरे तिकडे बघ, तिकडे!' याने कुणालाच काही कळत नाही. 'दोघं, उजवीकडचा जिना, एकाचा एचपी अर्धा' हे कळतं. नकाशातल्या जागांची नावं पाठ करायला एखादी संध्याकाळ लागते, पण त्या नावांचा उपयोग रोज होतो.

५. नशीब आणि पैसा

आरएनजी म्हणजे गेमच्या आतला यादृच्छिक आकडे काढणारा भाग. कुठली वस्तू पडणार, वार जोरात बसणार की साधा, हे तो ठरवतो. वस्तू पडण्याची शक्यता म्हणजे ड्रॉप रेट, आणि इथे जवळजवळ प्रत्येकाचा हिशेब चुकतो. ड्रॉप रेट १ टक्का आहे म्हणून १०० वेळा शत्रू मारला की वस्तू मिळेलच असं वाटतं. गणित तसं नाही. प्रत्येक खेपेला न मिळण्याची शक्यता ०.९९ असते. तिला स्वतःशी १०० वेळा गुणलं की सुमारे ०.३७ उरतं. म्हणजे १०० खेपा करणाऱ्या १०० जणांपैकी साधारण ३७ जण रिकाम्या हाती परततात. ३०० खेपा केल्या तरी सुमारे ५ जणांना ती वस्तू दिसत नाही. गेमला मागच्या खेपा आठवत नसतात.

काही बनवणारे मुद्दाम त्या आठवणीत ठेवतात. आजकालच्या बहुतेक 'टेट्रिस'मध्ये सातही ठोकळे जणू एका पिशवीत घालून ढवळतात आणि पिशवी रिकामी झाली की पुन्हा भरतात. त्यामुळे लांब उभ्या ठोकळ्याची वाट बघताना मध्ये जास्तीत जास्त १२ इतर ठोकळे येऊ शकतात. गाचा, म्हणजे सोडतीने वस्तू देणाऱ्या गेममध्ये ठरावीक खेपांनंतर दुर्मीळ वस्तू नक्की देण्याच्या नियमाला पिटी म्हणतात.

आता पैशाचे शब्द. हे नीट वाचा, विशेषतः घरातली मुलं खेळत असतील तर. फ्री-टू-प्ले म्हणजे सुरू करायला फुकट. मायक्रोट्रान्झॅक्शन म्हणजे गेमच्या आत होणारी छोटी खरेदी. बॅटल पास म्हणजे ठरावीक मुदतीत खेळून बक्षिसं उघडत जाण्याची विकतची परवानगी. लूट बॉक्स म्हणजे आत काय निघेल ते न कळता विकत घेतलेली पेटी, आणि गाचा हा तसाच सोडतीचा प्रकार. पैसे टाकणाऱ्याला जिंकणं सोपं होत असेल तर तो पे-टू-विन. नुसते कपडे, रंग विकत मिळत असतील तर त्यांना कॉस्मेटिक म्हणतात. माझ्या मते लूट बॉक्स हा जुगाराच्या इतका जवळ जातो की मुलांच्या खात्याला पैसे भरण्याचं साधन जोडूच नये. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये विकतचे लूट बॉक्स जुगाराच्या कायद्याखाली येतात असंच ठरवलं.

डीएलसी म्हणजे गेम आल्यानंतर वेगळा उतरवून घ्यायचा भाग. तो फुकटही असतो. अर्ली अ‍ॅक्सेस म्हणजे गेम पूर्ण व्हायच्या आधीच विक्रीला आलेला. तो घेताना 'पुढे काय काय येणार आहे' हे वाचून पैसे देऊ नका. आज जेवढा गेम आहे तेवढाच कायम राहिला तरी चालेल का, असं स्वतःला विचारा.

६. कुंपणापलीकडे: इंजिन आणि गेम लूप

इथून बनवण्याची भाषा सुरू होते. इंजिन म्हणजे चित्र काढणं, आवाज वाजवणं, टक्कर ओळखणं ही प्रत्येक गेमला लागणारी कामं तयार करून देणारं सॉफ्टवेअर. युनिटीत सी शार्प भाषेत लिहितात. अनरियलमध्ये सी प्लस प्लस किंवा ब्लूप्रिंट नावाची जोडाजोडीची पद्धत. गोडोची स्वतःची जीडीस्क्रिप्ट आहे.

शिकवणी बदलली की नवखे गोंधळतात, कारण एकाच कल्पनेला प्रत्येक इंजिनात वेगळं नाव आहे. युनिटीत ज्याला सीन म्हणतात त्याला अनरियलमध्ये लेव्हल म्हणतात. युनिटीतला प्रीफॅब, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायचा तयार साचा, गोडोत सीन म्हणूनच साठवला जातो. त्यामुळे पहिले काही महिने एकाच इंजिनाला धरून राहा.

प्रत्येक गेमच्या पोटात एक चक्र फिरत असतं, ते गेम लूप. खेळाडूने काय दाबलं ते वाचायचं, त्यानुसार जग थोडं पुढे सरकवायचं, चित्र काढायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून. मधल्या कामाला अपडेट म्हणतात आणि चित्र काढण्याला रेंडर. एका फेरीची एक फ्रेम.

आता दुसऱ्या टप्प्यातला एफपीएस इथे परत भेटतो. समजा तुम्ही लिहिलं की पात्र प्रत्येक फ्रेमला ५ पिक्सेल सरकेल. ६० एफपीएसच्या यंत्रावर ते सेकंदाला ३०० पिक्सेल जाईल, १२० एफपीएसच्या यंत्रावर ६००. ज्याचं यंत्र चांगलं त्याचं पात्र दुप्पट वेगात. हे टाळण्यासाठी मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला तो मोजतात. तो वेळ म्हणजे डेल्टा टाइम किंवा नुसता डेल्टा. मग वेग 'सेकंदाला ३०० पिक्सेल' असा ठरवायचा आणि प्रत्येक फ्रेमला त्याला डेल्टाने गुणायचं. ६० ला ५ पिक्सेल, १२० ला २.५ पिक्सेल, सेकंदाअखेर दोन्हीकडे ३००. शिकवणीत डेल्टा दिसला आणि तो कशाला आहे कळलं नाही, तर पुढे जाऊ नका. ओळ खोडून गेम चालवून बघा.

ही अडचण मोठ्यांनाही भोवते. 'डार्क सोल्स २'च्या पीसी आवृत्तीत ६० एफपीएसला हत्यारं ३० च्या मानाने दुप्पट वेगाने झिजत होती, कारण झिजण्याचा हिशेब फ्रेमला बांधलेला होता. उलट १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये शत्रू मरत गेले की प्रोसेसरवरचं काम कमी होई आणि उरलेले शत्रू भराभर सरकू लागत. तो गेम बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादो यांनी ते तसंच राहू दिलं, आणि शेवटाकडे वाढत जाणारा तो वेगच त्या गेमचा थरार ठरला.

७. दिसतं ते आणि लागतं ते

सपाट गेममधलं चित्र म्हणजे स्प्राइट. थ्रीडीत वस्तूचा सांगाडा छोट्या त्रिकोणांचा असतो, तो मेश. त्यावर चढवलेलं चित्र टेक्श्चर, आणि प्रकाश पडल्यावर पृष्ठभाग कसा दिसावा हे ग्राफिक्स कार्डाला सांगणारा छोटा प्रोग्रॅम शेडर. मेशला हालवण्यासाठी आत हाडं बसवणं म्हणजे रिगिंग. गेमसाठी लागणारं असं कुठलंही चित्र, आवाज, मॉडेल म्हणजे अ‍ॅसेट. फुकट मिळालेला अ‍ॅसेट वापरताना त्याचा परवाना वाचा. श्रेय द्यायचं आहे का, विकायच्या गेममध्ये चालतो का, हे प्रत्येकाचं वेगळं असतं.

एकच स्प्राइट किती कामाला येतो हे बघायचं तर १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' उघडा. त्यातला ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेले. जागा वाचवायची होती म्हणून.

आता सगळ्यात उपयोगी जोडी: जे दिसतं ते स्प्राइट, आणि गेम ज्याच्यावर हिशेब करतो ते कोलायडर, म्हणजे साधारणपणे एक न दिसणारी चौकट. लढाईच्या गेममध्ये वार करणाऱ्या चौकटीला हिटबॉक्स आणि वार झेलणाऱ्या चौकटीला हर्टबॉक्स म्हणतात. खेळाडू मात्र दोन्हींना हिटबॉक्सच म्हणतात. 'तलवार लागलीच नव्हती, तरी मेलो' ही तक्रार बहुतेक वेळा चौकट चित्रापेक्षा मोठी असल्याची असते. बनवताना एक पथ्य पाळा: खेळाडूचा हर्टबॉक्स चित्रापेक्षा थोडा लहान ठेवा आणि वेचायच्या वस्तूची चौकट थोडी मोठी. खेळाडूला गेम न्याय्य वाटतो तो अशा सवलतींमुळे. लोळण घेताना काही फ्रेम्स वार लागतच नाही, त्या आय-फ्रेम्स. कड्यावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी मारू देणं म्हणजे कायोटी टाइम. जमिनीला टेकायच्या किंचित आधी दाबलेलं बटण लक्षात ठेवून टेकल्याबरोबर उडी मारणं म्हणजे जंप बफर. गोडोत एक साधा उडी मारणारा चौकोन बनवा आणि ६० एफपीएसला ६ फ्रेम्सचा, म्हणजे ०.१ सेकंदाचा, कायोटी टाइम घालून आणि काढून खेळा. फरक बोटांना कळतो.

८. प्रोजेक्टची अवस्था सांगणारे शब्द

प्रोटोटाइप म्हणजे कल्पना खेळायला मजा येते का, एवढंच तपासणारा कच्चा नमुना. ग्रेबॉक्स म्हणजे करड्या ठोकळ्यांनी रचलेली लेव्हल, चित्रं नंतर. व्हर्टिकल स्लाइस म्हणजे गेमचा छोटा तुकडा, पण चित्र, आवाज, खेळ सगळं अंतिम दर्जाचं. अल्फाला बहुतेक सुविधा बसलेल्या असतात. बीटाला गेममध्ये यायचं ते सगळं आलेलं असतं आणि बग काढणं चालू असतं. नेमकी रेषा प्रत्येक ठिकाणी वेगळी, म्हणून नव्या गटात सामील झालात की 'तुमच्याकडे अल्फा कशाला म्हणतात' हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. खेळाडूंना दिला जाणारा 'ओपन बीटा' अनेकदा जाहिरातीचा आणि सर्व्हर तपासण्याचा कार्यक्रम असतो. गोल्ड म्हणजे विक्रीला पाठवायची प्रत तयार. त्यानंतरही पहिल्याच दिवशी येणारी दुरुस्ती म्हणजे डे-वन पॅच, आणि तातडीची छोटी दुरुस्ती म्हणजे हॉटफिक्स.

कोड आणि अ‍ॅसेट मिळून तयार झालेली चालती आवृत्ती म्हणजे बिल्ड. तिला नंबर द्या. फाइलींना 'फायनल', 'फायनल२', 'एकदम फायनल' अशी नावं देण्याऐवजी गिट, म्हणजे फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन, शिका. रेपॉझिटरी, कमिट आणि ब्रँच हे तीन शब्द आणि त्यांच्यामागची कृती आली की सुरुवातीला भागतं.

स्कोप क्रीप हा शब्द भिंतीवर लावून ठेवण्यासारखा आहे: काम चालू असताना 'हेही घालू, तेही घालू' करत गेम फुगत जाणं. नवख्यांचे गेम पूर्ण होत नाहीत त्याचं मुख्य कारण कौशल्याची कमतरता नसून हे फुगणं आहे, असं माझं ठाम मत आहे. यावर उपाय म्हणजे गेम जॅम, ठरावीक मुदतीत गेम पूर्ण करण्याचा उपक्रम. लुडम डेअर २००२ पासून चालू आहे आणि ग्लोबल गेम जॅम २००९ पासून. ४८ तासांत गेम संपवायचा म्हटलं की काय वगळायचं हे आपोआप कळायला लागतं. मुदत जवळ आली म्हणून आठवडेच्या आठवडे रात्रंदिवस राबणं म्हणजे क्रंच. त्याला कष्टाळूपणा समजू नका. ते नियोजन फसल्याचं लक्षण आहे.

९. बग नीट सांगायला शिका

बग म्हणजे गेम जसा वागायला हवा तसा न वागणं. ग्लिच हा खेळाडूंचा शब्द, त्या बगचा पडद्यावर दिसणारा परिणाम. बगचा फायदा उठवून पुढे जाणं म्हणजे एक्स्प्लॉइट. गेम पूर्ण बंद पडला तर क्रॅश, चालू राहून गोठला तर फ्रीझ. १९८० च्या 'पॅक-मॅन'मध्ये २५६ व्या टप्प्याला पडद्याचा उजवा अर्धा भाग चिन्हांच्या कचऱ्याने भरून जातो, कारण टप्पा मोजणाऱ्या ८ बिटांच्या जागेत ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. हा बग. 'माइनक्राफ्ट'मधला क्रीपर मात्र डुकराचं मॉडेल बनवताना उंची आणि लांबीचे आकडे उलटे पडले त्यातून जन्मला, आणि तो ठेवला गेला. 'स्ट्रीट फायटर २'मधले कॉम्बोसुद्धा आधी ठरवलेले नव्हते.

बग शोधणाऱ्यांना क्यूए म्हणतात आणि बग पुन्हा घडवून आणण्याला रेप्रो. रेप्रो नसेल तर बनवणारा हतबल असतो. 'गेम भिंतीत अडकतो, लवकर दुरुस्त करा' ही तक्रार कुणाच्याच कामाची नाही. तीच अशी लिहा:

– बिल्ड: ०.४.२, विंडोज ११, एफपीएस ६० वर बांधलेला.
– पायऱ्या: दुसरी स्टेज सुरू करा. डाव्या बुरुजावर चढा. भिंतीला चिकटून लोळण घ्या आणि त्याच क्षणी उडीचं बटण दाबा.
– काय व्हायला हवं: पात्राने भिंतीवरून उसळी घ्यावी.
– काय होतं: पात्र भिंतीच्या आत जातं, हालचाल बंद, मेन्यू मात्र उघडतो.
– किती वेळा: १० पैकी ७ वेळा. एफपीएस ३० वर बांधला तर एकदाही नाही.
– सोबत: २० सेकंदांचा व्हिडिओ आणि सेव्ह फाइल.

पाचव्या ओळीकडे बघा. एफपीएस बदलला की बग जातो, एवढ्यावरून बनवणाऱ्याला कळतं की आधी डेल्टा आणि टकरीचा हिशेब तपासायचा. तक्रार लिहिताना कारण काय असेल हे ठासून सांगू नका. जे दिसलं ते सांगा, अंदाज असेल तर शेवटी वेगळ्या ओळीत लिहा. एका तक्रारीत एकच बग ठेवा. पाठवण्याआधी तोच बग आधी कुणी नोंदवलाय का ते शोधा, आणि नोंदवला असेल तर नवी तक्रार न करता त्याच नोंदीखाली तुमचा बिल्ड नंबर आणि व्हिडिओ जोडा.